विषय: डेथ व्हॅलीत एका दिवसाचा मार्ग

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

डिसेंबरअखेरीस पुण्याहून आलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी डेथ व्हॅलीला जात आहोत. मुक्काम फर्नेस क्रीकला असून हाती एकच पूर्ण दिवस आहे. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही; मात्र लोणार पाहिलेले असल्यामुळे उबेहेबे विवराचा त्यांचा आग्रह आहे. मार्ग कसा आखावा, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

---

स. न.

ही दरी उत्तर-दक्षिण पसरलेली असल्याने ऊन कोणत्या बाजूने येते यावर तिचे रंग ठरतात. म्हणून स्थळांच्या यादीपेक्षा त्यांचा क्रम अधिक महत्त्वाचा. सूर्योदयाला झब्रिस्की पॉइंट गाठावा. प्राचीन सरोवराच्या गाळाच्या त्या पिवळट, पाण्याने कोरलेल्या टेकड्या कोवळ्या उन्हातच खुलतात. वाहनतळापासूनची वाट फरसबंद असली तरी चढणीची आहे, सावकाश जावे. तेथून त्याच रस्त्याने पुढे दान्तेज व्ह्यू, सुमारे 1,670 मीटर उंचीवर. गाडी थेट माथ्यावर जाते, त्यामुळे सासऱ्यांसाठी माझ्या मते हेच सर्वोत्तम ठिकाण. वारा बोचरा असतो, कानटोपी विसरू नये.

वरून जे पांढरे मैदान दिसते तेच बॅडवॉटर, समुद्रसपाटीखाली 86 मीटर, उत्तर अमेरिकेतील सर्वांत सखल जागा. खाली पोहोचल्यावर मागच्या कड्यावर मान उंचावून पाहावे. समुद्रसपाटी दाखवणारी पाटी तेथे लावलेली आहे. परतताना, दुपार कलल्यावर, आर्टिस्ट्स ड्राइव्ह घ्यावा. हा रस्ता एकेरी, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा असल्याने बॅडवॉटर आधी करणेच सोयीचे. शिवाय रंगीत डोंगर पश्चिमेकडे तोंड करून असल्याने तिरपे ऊन थेट त्यांच्यावर पडते.

उबेहेबे मात्र फर्नेस क्रीकपासून उत्तरेला सुमारे 90 किलोमीटर आहे. त्याच दिवशी कोंबू नये. लोणार उल्कापाताने झाले, तर येथे वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडून वाफेचा स्फोट झाला, हे सासऱ्यांना आधीच सांगावे. बहुतेक भागात मोबाइल चालत नाही, नकाशे उतरवून ठेवावेत.

---

मनःपूर्वक आभार. वाफेच्या स्फोटाचे ऐकल्यापासून सासऱ्यांचा आग्रह दुप्पट झाला आहे. त्यामुळे उबेहेबे परतीच्या दिवशी पहाटे ठेवले असून पेट्रोलची टाकी आदल्या रात्रीच भरून घेणार आहोत.