ऑटोक्रॉससाठी स्विफ्ट: आधी टायर की आधी सस्पेन्शन?

कोथरूडची_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. २०१४ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. दिवाळीनंतर मुरमाच्या मैदानावर एक ऑटोक्रॉस (कोन मांडलेल्या मार्गावर एकेका गाडीची वेळ मोजणारी स्पर्धा) आहे आणि उन्हाळ्याआधी डांबरी पट्ट्यावर एक. दोन्हींत उतरायचंय. बजेट ओढूनताणून ६० हजार. दुकानदार म्हणतो, १६ इंची अलॉय रिम, २०५ मिमी रुंदीचे टायर आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा एकदमच टाका. वळणावर गाडी खूप कलते हे खरंय, आणि पुढून बाहेर सरकते. स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी नाक आत येत नाही. सुरुवात कुठून करू? हीच गाडी सोमवारी हिंजवडीला ऑफिसलाही न्यायची आहे.

नाशिक_गॅरेज
स्प्रिंगांना हात लावू नका.

गाडी कलते ते डोळ्यांना दिसतं, म्हणून सगळे तिथेच पैसे ओततात. वेळ जातो तो पुढच्या बाहेरच्या टायरपाशी. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आणि चाकाला खालून धरणारा एकच लोअर आर्म. गाडी जास्त खाली बसवली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं आणि आर्म उलटा तिरका होतो. मग सस्पेन्शन दबताना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकणं) वाढायचा सोडून कमी होऊ लागतो, म्हणजे टायर बाहेरच्या कडेवर चढतो. शिवाय रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं, त्यामुळे गाडी बुटकी होऊनही कलायला तिला जास्त तरफ मिळते. आणि मुरमावर, जिथे दहा गाड्या गेल्या की चाकोऱ्या पडतात, तिथे सस्पेन्शन बंप स्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आदळलं की चाक उडतं. उडालेल्या चाकाला कसली आलीय पकड?

आता टायर. तुमच्या व्हेरिअंटला कंपनीतून १६५/८० आर१४ येतात (१६५ मिमी रुंद, साइडवॉलची उंची त्याच्या ८० टक्के, रिम १४ इंची). त्यांना कमी लेखू नका, मुरमावर मला तेच हवेत. उंच साइडवॉल रिम वाचवते, आणि अरुंद टायर वरची सैल माती कापून खालच्या घट्ट थरावर बसतो. २०५ चा टायर त्या सैल मातीवर तरंगत राहतो. मोठ्या, खोल ब्लॉकचा पॅटर्न बघा. एमआरएफ आणि जेके दोघेही रॅलीचे टायर बनवतात. ते तुमच्या गटात चालतात का, हे स्पर्धेच्या नियमावलीत वाचूनच पैसे मोजा. आयोजक धुळीसाठी पाणी मारतात, त्यामुळे पहिल्या गाड्यांना चिखल आणि शेवटच्यांना कडक जमीन मिळते. आपला नंबर कितवा हे बघून हवा ठरवा. मी मातीवर पुढे २६ पीएसआयच्या आसपास ठेवतो.

डांबरासाठी १५ इंची रिमचा वेगळा सेट करा. झेडएक्सआयला १८५/६५ आर१५ येतात, पण मी १९५/५५ आर१५ घेईन. उंची ६२० मिमीवरून ५९५ वर येते, म्हणजे गिअरिंग साधारण ४ टक्के आखूड होतं. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना १.२ च्या इंजिनाला हे लगेच जाणवतं. तळ १२-१३ मिमी खाली येतो, म्हणून सोमवारी परत १४ इंची चढवा.

परदेशी फोरमवरची टायरची नावं पाठ करत बसू नका. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत. इथे मिळेल त्यात सर्वांत मऊ रबराचा घ्या, आणि साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी नको, रबर कडक झालेलं असतं.

उरलेल्या पैशात पुढचे दोन्ही शॉकअप, स्ट्रट माउंट आणि लोअर आर्मचे बुश नवे. इतक्या वर्षांच्या गाडीचं नाक आत न येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. मग कॅम्बर बोल्ट टाकून पुढे दीड डिग्री निगेटिव्ह, आणि दोन्ही चाकं मिळून २ मिमी टो-आउट (चाकांची पुढची कड किंचित बाहेर). मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे अलाइनमेंटला वावच नाही. तिथे खेळायचं ते फक्त हवेशी.

ओहायोतला_मियाटावाला
वरच्या उत्तराशी सहमत. मी इथे एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस स्पर्धांत गाडी चालवतो, सगळ्या डांबरावर किंवा काँक्रीटवर. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे माझा सेटअप तुमच्या कामाचा नाही. टायरबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. फेरी जेमतेम मिनिटभराची. सर्किटवर दोन लॅपनंतर रंगात येणारा टायर इथे निरुपयोगी, पहिल्याच वळणावर थंड रबराने धरलं पाहिजे. इथल्या स्ट्रीट गटात किमान २०० ट्रेडवेअरची (टायर किती टिकेल याच्या आकड्याची) अट आहे, पण तो आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते. दोन्हींवर २०० छापलेलं असूनही योकोहामा ए०५२ लगेच धरतो आणि भराभर झिजतो, तर हॅनकूक आरएस४ उशिरा जागा होतो पण खूप टिकतो. म्हणून आकड्यावर भिस्त नको.

हवेसाठी खडू घ्या. टायरच्या खांद्यावर साइडवॉलपर्यंत आडव्या रेघा ओढा आणि फेरी मारून या. खडू साइडवॉलवरूनही पुसला गेला तर हवा कमी आहे, टायर मुडपतोय. ट्रेडच्या कडेवरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त आहे. एका वेळी २ पीएसआय बदला, आणि प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा. मार्गावरचा एक कोन (प्लास्टिकचा शंकू) पाडला की आमच्याकडे २ सेकंद दंड लागतो; इतकी वेळ कुठलाही सस्पेन्शन किट परत मिळवून देत नाही.

कोथरूडची_स्विफ्ट
दादा, दोघांचेही मनापासून आभार. १६ इंची आणि स्प्रिंगा रद्द. झेडएक्सआयचे वापरलेले रिम शोधतोय. मागची हवा किती ठेवू? आणि मागे जाड अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) टाकून नाक आत येईल का?

नाशिक_गॅरेज
येईल, पण तो नंतर. आधी डांबरावर पुढे ३४, मागे ३८ ने सुरू करा. मागची पकड थोडी कमी झाली की अ‍ॅक्सिलरेटर सोडताच शेपूट फिरायला मदत करते. मागचं आतलं चाक हवेत उचललं गेलं तर घाबरू नका, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते चालतं. ओल्या डांबरावर मात्र हा फरक काढून टाका, नाहीतर गाडी गर्रकन फिरेल. कॅम्बर बोल्ट घट्ट केल्यावर नटावर पेंटची खूण मारा आणि प्रत्येक फेरीनंतर ती सरकली का ते बघा. रिम घेताना आधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या, वाकडे खूप निघतात.