मदत हवी आहे: 'द फ्लॅश' बघताना क्रॉसओव्हर कोणत्या क्रमाने बघायचे? ('क्रायसिस'पर्यंत पोचायचं आहे)

कोरा_कागद

'द फ्लॅश'चे तीन सीझन पूर्ण बघून झालेत. चौथ्या सीझनच्या ७व्या एपिसोडपर्यंत सगळं सुरळीत होतं. ४-०८ (सीझन-एपिसोड असं लिहितोय) लावला, तर बॅरी (म्हणजे फ्लॅश) आणि 'ॲरो'चा नायक ऑलिव्हर दुसऱ्याच पृथ्वीवर, म्हणजे समांतर विश्वात, कैदेत. तिथे कसे पोचले, काही कळत नाही. ४-०९ लावला, तर बॅरी-आयरिसचं लग्न होऊन गेलंय! तीन सीझन ज्या लग्नाची वाट बघितली, ते दिसलंच नाही.

'ॲरो', 'सुपरगर्ल', 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो', 'बॅटवुमन' यांतलं काहीही बघितलेलं नाही. आठ सीझनचा 'ॲरो' आणि सहा सीझनची 'सुपरगर्ल' आता बघणं शक्य नाही, पण २०१९-२० चा 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' नीट समजून बघायचा आहे. हाताशी २०-२२ तास आहेत. किमान काय बघावं लागेल? मागचे क्रॉसओव्हरही (अनेक मालिकांत तुकड्यांनी दाखवलेल्या कथा) अर्धेच बघितले गेले असतील का? आणि माझ्यासोबत ११ वर्षांचा मुलगा बघणार आहे, तर काय टाळावं?

उंबरठा

तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही बघितलात तो चार तुकड्यांच्या कथेचा तिसरा तुकडा. 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स' (नोव्हेंबर २०१७) असा आहे:

पार्ट १ – सुपरगर्ल ३-०८
पार्ट २ – ॲरो ६-०८
पार्ट ३ – फ्लॅश ४-०८
पार्ट ४ – लेजेंड्स ३-०८

लग्नाचा समारंभ 'सुपरगर्ल'च्या एपिसोडमध्ये सुरू होतो, हल्ला होतो आणि लग्न मोडतं. शेवटी ऑलिव्हरचा साथीदार जॉन डिगल लग्न लावतो, ते 'लेजेंड्स'च्या एपिसोडच्या अखेरीस. म्हणजे नायक-नायिकेचं लग्न त्यांच्या स्वतःच्या मालिकेत नाहीच. त्या काळी वाहिनीवर ओळीने दोन रात्री हे चारही भाग लागले, तेव्हा कुणाला अडचण आली नाही. आता प्रत्येक मालिका वेगळी ठेवलेली असते आणि एक एपिसोड संपला की त्याच मालिकेचा पुढचा आपोआप सुरू होतो. म्हणून क्रॉसओव्हरच्या आसपास ऑटोप्ले बंद ठेवा आणि एपिसोडच्या नावातला 'पार्ट' आकडा बघूनच पुढे जा.

४-०९ पुढे बघू नका. आधी हे चार पूर्ण करा. ४-०८ सुद्धा पुन्हा, कारण त्याच्या शेवटी 'लेजेंड्स'मधल्या मार्टिन स्टाइनला गोळी लागते आणि त्याचं पुढे काय होतं ते पार्ट ४ मध्ये आहे.

सातवी_घंटा

क्रम देतो. 'फ्लॅश'चे तीन सीझन झालेत असं धरलंय.

ओळखीपुरते: ॲरो १-०१, सुपरगर्ल १-०१ आणि सुपरगर्ल १-१८. या शेवटच्यात बॅरी पहिल्यांदा काराच्या (म्हणजे सुपरगर्लच्या) पृथ्वीवर जाऊन पडतो. 'सुपरगर्ल'चा पहिला सीझन सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर होता, दुसऱ्यापासून सीडब्ल्यूवर आला. तिची पृथ्वी वेगळी (अर्थ-३८) असण्याचं मूळ तिथेच आहे.

तुमचे अर्धवट राहिलेले:
२०१४ – फ्लॅश १-०८ नंतर ॲरो ३-०८
२०१५ – फ्लॅश २-०८ नंतर ॲरो ४-०८
२०१६ – फ्लॅश ३-०८, ॲरो ५-०८, लेजेंड्स २-०७

२०१६ची जाहिरात चार रात्रींचा क्रॉसओव्हर अशी झाली होती, पण सुपरगर्ल २-०८ मध्ये त्यातला फक्त शेवटचा प्रसंग आहे आणि तोच प्रसंग फ्लॅश ३-०८ मध्ये पुन्हा येतो. तो एपिसोड बिनधास्त गाळा.

मग अर्थ-एक्सचे चार. मग 'एल्सवर्ल्ड्स' (डिसेंबर २०१८): फ्लॅश ५-०९, ॲरो ७-०९, सुपरगर्ल ४-०९. इथे हमखास घोळ होतो. आदल्या वर्षी सुरुवात 'सुपरगर्ल'पासून होती, म्हणून लोक इथेही तसंच करतात आणि शेवट आधी बघून बसतात. त्या आठवड्यापुरते 'फ्लॅश' आणि 'सुपरगर्ल'चे वार बदलले होते, त्यामुळे या वेळी 'फ्लॅश' पहिला.

'क्रायसिस'ची पायाभरणी: सुपरगर्ल ४-२२, ॲरो ७-२२, बॅटवुमन १-०१, ॲरो ८-०१, फ्लॅश ६-०१ आणि ६-०२, ॲरो ८-०७.

'क्रायसिस': सुपरगर्ल ५-०९, बॅटवुमन १-०९, फ्लॅश ६-०९, ॲरो ८-०८, आणि 'लेजेंड्स'चा पार्ट ५. शेवटी ॲरो ८-१०.

हे सगळे ३० एपिसोड. सरासरी ४२ मिनिटं धरली तर २१ तास. २०१४ ते २०१६ मधले 'फ्लॅश'चे तीन पुन्हा बघायचे नसतील तर १९ तासांच्या आत बसतं. 'फ्लॅश'चे ४ आणि ५ सीझन या हिशेबात नाहीत. ते सवडीने बघा, 'क्रायसिस' त्यांच्यावाचून अडत नाही.

उंबरठा

वरच्या यादीला एक जोड: 'लेजेंड्स'चा पार्ट ५ सहज सापडत नाही. तो काही ठिकाणी पाचव्या सीझनचा पहिला एपिसोड म्हणून आहे, काही ठिकाणी 'स्पेशल' म्हणून वेगळा. त्यामुळे त्या सीझनचे सगळे आकडे एकाने पुढे-मागे होतात. आकडा सोडा, नावात 'पार्ट फाइव्ह' शोधा.

कोरा_कागद

दोघांचेही मनापासून आभार. अर्थ-एक्सचा पार्ट १ बघितला, आता सगळं जुळतंय. पण 'ॲरो'चे एवढे एपिसोड खरंच लागतात का? आणि 'ब्लॅक लायटनिंग'चं नाव यादीत नाही, तो 'क्रायसिस'मध्ये आहे असं वाचलं होतं.

पाणकळा

लागतात. 'क्रायसिस'चा गाभा ऑलिव्हरच आहे. 'एल्सवर्ल्ड्स'च्या तिसऱ्या पार्टमध्ये तो मॉनिटर या विश्वांवर नजर ठेवणाऱ्या शक्तिमान पात्राशी एक सौदा करतो, बॅरी आणि काराच्या जिवासाठी. ॲरो ७-२२ मध्ये मॉनिटर वसुलीला दारात येतो. ८-०१ संपताना अर्थ-२ डोळ्यांदेखत नष्ट होते. हीच ती हॅरी वेल्सची पृथ्वी, 'फ्लॅश'च्या दुसऱ्या सीझनमध्ये तुम्ही तिथे इतका वेळ काढलाय की तो धक्का 'ॲरो' न बघताही बसेल. ८-०७ मध्ये डिगलची बायको लायला मॉनिटरची दूत 'हार्बिंजर' होते. हे नसेल तर 'क्रायसिस'च्या पहिल्या दहा मिनिटांत ती सगळ्यांना गोळा करत का फिरते, हेच कळणार नाही. सुपरगर्ल ४-२२ लेक्स लूथर या खलनायकासाठी आहे: तिथे त्याची बहीण लीना त्याला गोळी घालते आणि 'क्रायसिस'मध्ये तो मॉनिटरच्या कृपेने परत आलेला दिसतो.

ब्लॅक लायटनिंग ३-०९ हा जोड-एपिसोड आहे. तो पार्ट २ नंतर आणि पार्ट ३ आधी ठेवा. त्याची पृथ्वी संपत असताना तो तिथून ओढला जातो आणि थेट फ्लॅश ६-०९ मध्ये उगवतो. गाळला तरी अडणार नाही, पण बघितलात तर पार्ट ३ मध्ये तो एवढा का चिडलेला आहे ते समजेल.

मुलाबद्दल: अर्थ-एक्स म्हणजे नाझी जिंकले ती पृथ्वी. छावणी आहे, तिथल्या माणसांना मारायला उभं करण्याचे प्रसंग आहेत, स्वस्तिकाचं नाझी चिन्ह जागोजागी आहे. मुलगा एकटा असेल तर नको, तुम्ही शेजारी असाल आणि आधी दोन शब्द सांगणार असाल तर चालेल. ॲरो १-०१ मध्ये ऑलिव्हर सरळ माणसं मारतो. तो तुम्ही एकट्याने बघून मुलाला गोष्ट तोंडी सांगा. 'एल्सवर्ल्ड्स' मात्र दोघांनी मिळून बघाच, बॅरी आणि ऑलिव्हरची आयुष्यं अदलाबदल झालेली आहेत आणि मुलांना ते फार आवडतं.

सातवी_घंटा

'क्रायसिस' लावण्याआधी फ्लॅश १-०१ ची शेवटची पाच मिनिटं पुन्हा बघा. वेल्स गुप्त खोलीत जातो आणि समोर भविष्यातलं वर्तमानपत्र उघडतं: फ्लॅश बेपत्ता, 'क्रायसिस'मध्ये नाहीसा. तारीख २५ एप्रिल २०२४. हा एपिसोड ऑक्टोबर २०१४ चा. तेव्हा 'सुपरगर्ल' सुरूही झाली नव्हती. पुढे तीच तारीख १० डिसेंबर २०१९ वर येते आणि फ्लॅश ६-०९ नेमका १० डिसेंबर २०१९ लाच प्रसारित झाला. पाच वर्षं एक मथळा सांभाळून ठेवायचा आणि त्याच दिवशी पडद्यावर आणायचा, हे दूरचित्रवाणीवर फार थोड्यांनी केलंय.

आणि त्या एपिसोडमधला मृत्यू. जॉन वेस्ली शिप १९९० च्या मालिकेत फ्लॅश होता. २०१४ च्या मालिकेत आधी बॅरीचे वडील हेन्री, मग 'जे गॅरिक' नावाचा दुसऱ्या पृथ्वीवरचा फ्लॅश. पार्ट ३ मध्ये तो पुन्हा आपल्या १९९० च्या पोशाखात, अर्थ-९० चा फ्लॅश म्हणून ट्रेडमिलवर धावतो आणि आपल्या बॅरीच्या जागी जीव देतो. धावताना त्याच्या डोळ्यांसमोर येतं ते त्या जुन्या मालिकेतलंच दृश्य, तेव्हाचं चित्रीकरण. तीस वर्षांपूर्वी एका सीझनमध्ये बंद पडलेल्या मालिकेला इथे शेवट मिळाला. मथळाही खरा ठरला आणि बॅरीही वाचला. क्रॉसओव्हरने काय साधता येतं, ते या दोन मिनिटांत दिसतं.

घाटवाट

बघाच, पण अपेक्षा कुठे आवरायची तेही माहीत असू द्या.

मूळ कॉमिक १९८५-८६ चं, १२ अंकांचं. लेखन मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझ. तिथे विश्वं कोसळतात, तर तेवढी पात्रं पानांवर मावतात. इथे पाच एपिसोड, मालिकेच्या खर्चात. पार्ट १ मध्ये काराची संपूर्ण पृथ्वी संपते आणि तिच्या वाट्याला शोकाचे जेमतेम दोन प्रसंग येतात, कारण लगेच पुढचा पाहुणा कलाकार दाखवायचा असतो. ब्रँडन राउथचा सुपरमॅन, केव्हिन कॉनरॉयचा ब्रूस वेन, टॉम वेलिंग – प्रत्येक भेट स्वतंत्रपणे बघितली तर गोड आहे, पण त्यांतच पार्ट २ खर्ची पडतो. वुल्फमन स्वतः पार्ट ४ चा सहलेखक आहे, तरी तिथली निर्णायक लढाई उघड्या माळावर एकसारख्या काळ्या सावल्यांशी होते. शत्रूला चेहराच नसेल तर प्रत्येक फटका सारखाच वाटतो. २०१४ च्या ॲरो ३-०८ शी ताडून बघा: शहरात पाच बॉम्ब, पाचही एकाच क्षणी निकामी करायचे, बॅरी एकेकाला उचलून एकेका बॉम्बपाशी नेऊन ठेवतो. खर्च कमी, धोका आकड्यात मोजता येतो आणि दोन्ही मालिकांच्या माणसांना हाताला काम मिळतं. माझ्या मते तो छोटा क्रॉसओव्हर बांधणीत 'क्रायसिस'पेक्षा सरस आहे.

ऑलिव्हरचा मृत्यू हे मोठं दुखणं. पार्ट १ मध्ये तो मरतो, मग 'स्पेक्टर' नावाची अलौकिक शक्ती होतो, पार्ट ४ मध्ये पुन्हा मरतो. आठ सीझनच्या नायकाला दोन निरोप दिल्याने पहिल्याचं वजन गेलं. खरा निरोप ॲरो ८-१० मध्ये मिळतो, म्हणून वरच्या यादीतला तो एपिसोड गाळू नका.

पाणकळा

दोन मृत्यूंबद्दल सहमत. पण म्हणून 'क्रायसिस'चे परिणाम उरत नाहीत असं मात्र नाही. 'फ्लॅश' ३-०१ मधल्या फ्लॅशपॉइंटमुळे (बॅरीने भूतकाळ बदलल्यामुळे) डिगलची मुलगी सारा नाहीशी होऊन तिच्या जागी मुलगा आला होता. ३-०८ मध्ये डिगलला ते कळतं तेव्हाचा त्याचा चेहरा आठवा. 'क्रायसिस'नंतर सारा परत आहे, आणि मुलगाही. तीन वर्षांपूर्वीचं देणं 'ॲरो'च्या घरात फेडलं. त्याचप्रमाणे स्पेक्टरने बॅरीचा वेग वाढवला, त्याची किंमत फ्लॅश ६-१४ मध्ये चुकवावी लागते.

कोरा_कागद

शेवटचा प्रश्न. 'क्रायसिस'नंतर 'फ्लॅश' पुढे एकटा बघितला तर चालेल का? आणि पार्ट ५ च्या शेवटी म्हणे सगळे एका गोल टेबलाभोवती बसतात, त्याचं पुढे काय?

घाटवाट

एकटा चालेल. अर्थ-१, अर्थ-३८ आणि ब्लॅक लायटनिंगची पृथ्वी मिळून 'अर्थ-प्राइम' झाली, एवढं लक्षात ठेवा. एक गोंधळ आधीच सांगतो: पार्ट ५ मध्ये नवी अर्थ-२ दाखवतात ती 'स्टारगर्ल'ची. हॅरी वेल्सची अर्थ-२ ती नव्हे, नुसता आकडा पुन्हा वापरलाय.

टेबलाची आशा धरू नका. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे चित्रीकरण थांबलं, पुढचा 'बॅटवुमन' आणि 'सुपरमॅन अँड लोइस'चा ठरलेला क्रॉसओव्हर रद्द झाला आणि २०२२ मध्ये 'सुपरमॅन अँड लोइस' वेगळ्याच पृथ्वीवर असल्याचं जाहीर झालं. ऑलिव्हरची रिकामी खुर्ची तशीच राहिली. 'फ्लॅश'च्या आठव्या सीझनचे पहिले पाच एपिसोड ('आर्मागेडन') पाहुण्यांसकट आहेत, पण पाचही एकाच मालिकेत सलग आहेत. तिथे ऑटोप्ले खुशाल चालू ठेवा.