राजकारणाला कंटाळून ‘दुहेरी नागरिकत्व’ घ्यायला निघालेल्यांसाठी

कलमबहादूर

दोन दिवस एक पोस्ट फिरते आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : पहाटेचा शपथविधी झाला, २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा, ज्याच्या विरोधात मत दिलं तोच सत्तेत बसला. तेव्हा शहाण्या माणसाने बाहेर पडावं, तिकडचं नागरिकत्व घ्यावं आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाला मिळणारं कार्ड) काढून इकडचंही राखावं. जर्मनीनेही आता दुहेरीला परवानगी दिली आहे. आणि आजोबा गोव्याचे असतील तर पोर्तुगीज पासपोर्ट घरबसल्या, भारतीय पासपोर्ट सोडायचीही गरज नाही.

रागाबद्दल काही म्हणणं नाही. राग सगळ्यांनाच आहे. पण या पोस्टमधला शेवटचा सल्ला जवळजवळ सगळा चूक आहे आणि लोक त्यावर नोकऱ्या सोडायचे बेत करताहेत.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. अर्ज करा न करा, पासपोर्ट कपाटात ठेवा नाहीतर जाळा. शपथ घेतली त्या तारखेला विषय संपला. जर्मनीने २७ जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली हे खरं, पण ती जर्मनीची मुभा आहे. आपला कायदा तिकडच्या संसदेला विचारून चालत नाही.

ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन’ असं नाव दिलेला आजन्म व्हिसा. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सर्वसाधारणपणे नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी लागते, आणि मुलांना नीट-जेईईत फक्त एनआरआयच्या जागा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं तरी कार्ड रद्द होऊ शकतं, ही ऑगस्ट २०२५ ची भर. म्हणजे सरकारवर नाराज होऊन तुम्ही अशा जागी जाऊन बसता, जिथे सरकारला तुम्हाला बाहेर ठेवणं आजच्यापेक्षा सोपं आहे.

वैतागलेला पुणेकर

वा. कलमं पाठ आहेत, अभिनंदन. पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. २०२२ मध्ये २,२५,६२० लोकांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. २०२३ मध्ये २,१६,२१९. संसदेत दिलेले आकडे आहेत. हे सगळे कलम ९ न वाचलेले खुळे? मत नाही म्हणता, पण त्या मताची किंमत काय उरली आहे ते सांगा. बोटाला शाई लावून घ्यायची आणि पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री बघायचे. तो हक्क गेला तर माझं नक्की काय गेलं?

खडूस

शाई गेली.

कलमबहादूर

@पुणेकर, आकडे बरोबर, निष्कर्ष हवेत. नागरिकत्व सोडल्याची घोषणा करताना राजकीय कारण लिहायचा रकानाच नसतो. २०२० मध्ये हाच आकडा ८५,२५६ होता. त्या वर्षी देशप्रेमाची लाट आली होती का? कोविडमध्ये तिकडच्या कचेऱ्या बंद होत्या आणि नागरिकत्वाचे शपथविधी लांबले, एवढंच. यातले बहुसंख्य दहा-पंधरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी गेलेले, रांगेत राहून आता पात्र झालेले. कॅनडात पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते, तीही पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळाल्यावरच पूर्ण मोजतात. आधीचे दिवस अर्धे धरतात आणि त्यालाही ३६५ ची मर्यादा. जर्मनीत पाच वर्षं आणि बी-१ पातळीची जर्मन. आज वैतागून निघालात तर नागरिकत्वाच्या दारापर्यंत पोचेस्तोवर इकडे दोन विधानसभा होऊन जातील.

आणि मत राखून बाहेर राहायचा रस्ता आहेच. पीआर घ्या, नागरिकत्व घेऊ नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २०-अ, अर्ज ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं.

वैतागलेला पुणेकर

आणि मत द्यायला काय करायचं तेही सांगा ना. मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः त्या बूथवर उभं राहायचं. टपाली नाही, ऑनलाइन नाही. फ्रँकफुर्टहून तिकीट काढून कोथरूडच्या शाळेत रांग लावायची. याला हक्क म्हणतात?

कलमबहादूर

हे मान्य. ही तरतूद कागदावरच गोड आहे.

बांधावरून

तुम्ही मतावर भांडत बसा, जमिनीचं कोणीच बोलत नाही. खेडोपाडी निम्मा घोळ तिथे आहे.

ओसीआयवाल्याला शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट-दुकान घेता येतं. शेतजमीन वारसाने येऊ शकते. पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच, आणि महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे घेणारा शेतकरीच पाहिजे. म्हणजे गिऱ्हाईक गावातलेच चौघे, आणि त्यांना ठाऊक असतं की हा दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय. भाव तेच ठरवतात.

होतं असं : वडील गेले, वारसनोंद राहिली, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. धाकटा गावात, थोरला तिकडचा नागरिक. तलाठी वारसांचे आधार मागतो, थोरल्याच्या आधारवर जुना पत्ता आणि पासपोर्टवर मधलं नाव गायब, कारण परदेशी अर्जात वडिलांचं नाव भरायचं राहिलं. मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, ते तिकडच्या नोटरीसमोर, त्याला अपॉस्टिल (दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का), मग इकडे फेरफार. त्यात एक बहीण हरकत घेते आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडे. वारसनोंद नागरिकत्व बदलायच्या आधी करून घ्या. बाकी तुमची लोकशाही नंतर.

तिसरा डोळा

वरच्या प्रतिसादात एक जोडतो. विक्री झाली तर घेणाऱ्याने अनिवासीच्या दराने टीडीएस कापायचा असतो. घर किंवा प्लॉट विकताना रहिवाशाचा एक टक्का समजून लोक व्यवहार करतात आणि नंतर घेणाराच नोटिशीत अडकतो. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं इकडच्या उत्पन्नासाठीचं खातं), तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर, कराचं घोषणापत्र आणि सीएचा दाखला जोडून. अमेरिकेचं नागरिकत्व असेल तर जगात कुठेही राहा, कर विवरण तिकडे भरायचंच. इकडच्या म्युच्युअल फंडांवर तिकडे अशी करआकारणी आहे की दरेक फंडामागे ८६२१ नंबरचा वेगळा फॉर्म लागतो. राजकारण्यांपासून सुटका होईल, सीएपासून नाही.

सासष्टीकार

आता गोव्याचं बोलू, कारण मूळ पोस्टवाल्यानेही अर्धवट लिहिलंय आणि कलमबहादूरनी एका ओळीत ‘चूक’ म्हणून निकाल लावलाय.

१९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या, आधी गोवा, दमण, दीव इथे जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी पोर्तुगीजच जन्मला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. त्यानंतर जून १९७५ चा त्यांचा ३०८-अ क्रमांकाचा हुकूम म्हणतो की जुन्या ‘एस्तादो दा इंडिया’त (पोर्तुगीज हिंदुस्थानात) जन्मलेल्याने इच्छा सांगितली तर त्याचं राष्ट्रीयत्व *कायम राहतं*. म्हणजे लिस्बनला जन्म नोंदवणारा नवीन काही घेत नाही, असलेलं वहीत चढवून घेतो. मग कलम ९ मधलं ‘स्वेच्छेने संपादन’ कुठे झालं?

आणि घरबसल्या म्हणणाऱ्यांनी तो खटाटोप बघावा. जुन्या वहीतली जन्मनोंद पूर्ण मजकुरासकट काढायची, सरकारी साक्षांकन, अपॉस्टिल, पोर्तुगीजमध्ये भाषांतर, मग लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कचेरीत. आधी बापाचा जन्म, मग त्याचं लग्न, मगच मुलाचा जन्म. मधली एक कडी निसटली की पुढचं सगळं अडकतं. हिंदू घरांत तर नावांचाच गोंधळ. आजोबा वहीत ‘कामोतिम’, बाप शाळेच्या दाखल्यावर ‘कामत’, नातू पासपोर्टवर आणखी तिसऱ्याच स्पेलिंगने. ‘सिनाय’चे शेणवी, ‘पोरोब’चे प्रभू. दरेक फरकाला कोर्टाचा नाहीतर निबंधकाचा कागद. मुक्तीनंतर उशिरा केलेली जन्मनोंद असेल तर लिस्बन संशयानेच बघतं.

कलमबहादूर

युक्तिवाद चांगला आहे, पोर्तुगालच्या कोर्टात जिंकाल. भारतात नाही. मार्च १९६२ च्या गोवा, दमण, दीव नागरिकत्व आदेशाने हे सगळे भारतीय झाले. ज्याला पोर्तुगीज राहायचं होतं त्याने एका महिन्यात लेखी सांगायचं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांचं काय झालं तेही बघा. ख्रिस्ती धर्मगुरू मोन्सेन्योर रेमेदियस मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहायचं ठरवलं, परवान्याविना राहिल्याबद्दल परदेशी नागरिक कायद्याखाली खटला झाला, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं. जन्मभूमीत परके ठरले. ज्यांनी तेव्हा काही सांगितलं नाही ते भारतीय. ते आज पोर्तुगीज होत असतील तर आपल्या कायद्यात ते संपादनच.

आणि पोर्तुगीज *पासपोर्ट* हातात आला की वादच मिटला. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार परदेशी पासपोर्ट काढणं हा निर्णायक पुरावा. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच, इझहार अहमद खान प्रकरणात, उचलून धरली.

सासष्टीकार

पासपोर्टचं बोलतच नाहीये मी! नुसत्या जन्मनोंदीचं बोलतोय. नोंद केली, ओळखपत्र काढलं नाही, पासपोर्ट काढला नाही, गोव्यातच राहतोय, अशी कितीतरी माणसं. त्यांना तुम्ही एका फटक्यात परदेशी करताय. आणि ‘पोर्तुगालच्या कोर्टात’ हा टोमणा राहू द्या. साठ वर्षं हे ऐकतोय आम्ही. आमचा माणूस लिस्बनला गेला की देशद्रोही, तुमचा न्यू जर्सीला गेला की गावात सत्कार आणि गणपतीत पाहुणा.

खडूस

हे मात्र बरोबर लागलं.

कलमबहादूर

देशद्रोही हा शब्द माझ्या एकाही प्रतिसादात नाही, शोधून दाखवा. नुसत्या नोंदीपुरतं म्हणाल तर तिथे वादाला जागा आहे, एवढं देतो. निर्णय केंद्र सरकारकडे असतो आणि चौकशीशिवाय होत नाही. पण सल्ला म्हणून हे कोणाला सांगू नका. मतदार यादीत नाव, खिशात भारतीय पासपोर्ट आणि लिस्बनला नोंद. यात पासपोर्ट नूतनीकरणाच्या अर्जावर ‘मी भारतीय नागरिकत्व गमावलेलं नाही’ याखाली सही करावी लागते. ती खोटी ठरली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली कैद होऊ शकते. मतदार यादीसाठी खोटी घोषणा केली तर वेगळं कलम, एक वर्ष.

सासष्टीकार

आणि खरं सांगायला गेलं तर? तेही लिहा. पोर्तुगीज पासपोर्ट काढून मग भारतीय जमा करायला गेलेल्या लोकांना ‘माहिती दडवली’ म्हणून कलम १०(३)(ब) लावून पासपोर्टच रद्द करून दिले. ओसीआयला लागतं सरेंडर सर्टिफिकेट (पासपोर्ट जमा केल्याचा दाखला), हातात आलं रिव्होकेशन सर्टिफिकेट (रद्द केल्याचा). इकडचे नाहीत, ओसीआयही नाही, स्वतःच्या घरात व्हिसावर. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्दीकरणाचा कागदही चालेल असं पत्रक काढलं आणि दक्षिण गोव्याच्या निवडणुकीत त्यावरून रणकंदन झालं. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करा, पण नियम पाळायला आलेल्याला दरवाजात अडवून काय साधलं?

कलमबहादूर

त्यात सरकारची बाजू घेणार नाही.

तिसरा डोळा

एक राहिलं. ज्या यूकेसाठी हा सगळा आटापिटा होता, स्विंडनला नाहीतर साउथहॉलला जाण्यासाठी, तो रस्ता ब्रेक्झिटमुळे ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. आता पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत फिरायला जाल, कामाला नाही. एजंट हे अजूनही सांगत नाहीत.

आणि दुहेरी नागरिकत्व भारतात अजिबात नाही हेही पूर्ण खरं नाही. परदेशात जन्मलेल्या आणि वकिलातीत नोंदवलेल्या भारतीयांच्या मुलाला सज्ञान होईपर्यंत तिकडचंही असू शकतं. अठरा झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडलं नाही तर भारतीय गेलं. कलम ४ (१-अ).

वैतागलेला पुणेकर

म्हणजे देशात दोन नागरिकत्वं फक्त अशांना, ज्यांना मत देता येत नाही. सुंदर व्यवस्था आहे. बरं, ओसीआयला मी ‘इकडचंही’ म्हणणार नाही, झालं समाधान? निघायचं मात्र ठरलंय. सल्ला द्यायचाच असेल तर क्रम सांगा, प्रवचन नको.

कलमबहादूर

निघताय तर सांगतो. वारसनोंद आणि नावांचे फरक इकडे असतानाच मिटवा, बांधावरून म्हणतात ते बरोबर. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. पुढे कधी शपथ घेतलीत तर त्यानंतर भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास नको, त्याला दंड आहे. आधी सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय, परदेशातून शुल्क २७५ डॉलर. या दोन्हींच्या मधल्या काळात घरी कोणी आजारी पडलं तर व्हिसाच लागतो, आणि तो चालूच असेल असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसे भारताने एका दिवसात थांबवले. ओसीआयवाले आले-गेले, ज्यांचं कार्ड हातात नव्हतं ते अडकले. म्हणून शपथेच्या आधीच सगळे कागद स्कॅन करून अर्ज भरून ठेवा.

बांधावरून

आणि धाकट्याला मुखत्यारपत्र देऊन जाल तर त्यात विक्रीचा अधिकार लिहू नका.