मदत हवी आहे : झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्यांसाठी पट्टा, दोर आणि विमा

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या जुन्या हापूस बागांतून बांडगूळ काढण्याची आणि वाळक्या फांद्या उतरवण्याची कामे आमची छोटी टोळी करते. बांडगुळाची मुळे फांदीच्या आत उतरलेली असल्याने ते नुसते खुडून भागत नाही, फांदीच बांडगुळाच्या बरीच खाली कापावी लागते, आणि ती बहुधा शेंड्याकडेच असते. आजवर गडी अनवाणी, कमरेला कोयता आणि नायलॉनचा दोर बांधून चढत आले. हे पुढे चालू द्यायची माझी तयारी नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, आयएस 3521 या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा बांधकामावर ठीक आहे; परंतु ज्याची कडी फक्त पाठीवर असते, तो पडणाऱ्याला अडवतो, टेकून दोन्ही हातांनी काम करू देत नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला, मांड्यांना रुतणार नाही असा पट्टा कोणी प्रत्यक्ष वापरला आहे काय? करवत चुकून लागली तरी चटकन तुटणार नाही, असा पोलादी तारेच्या गाभ्याचा, खोडाभोवती घालून पट्ट्याच्या कड्यांना अडकवायचा आडवा दोर कोठे मिळेल? वर नेण्यासाठी पेट्रोलच्या चेनसॉऐवजी बॅटरीची लहान करवत घ्यावी असे वाटते, मात्र हापूसच्या जाड फांदीला ती पुरेल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी सांगावे.

शिवाय, हंगामापुरत्या येणाऱ्या गड्यांचा अपघात विमा टोळीच्या नावाने काढता येतो का, आणि मजुरीत त्याचा खर्च बागायतदाराकडून कसा मागावा, हेही कळवावे.