आईच्या खोलीसाठी विजेचा हीटर: तेलाचा घ्यावा की पंख्याचा?

नमस्कार. माझी आई सत्त्याहत्तर वर्षांची असून तिला दम्याचा त्रास आहे, आणि तिच्याच खोलीत माझा अडीच वर्षांचा मुलगाही झोपतो. खोली बारा फूट लांब व दहा फूट रुंद आहे. आतापर्यंत आम्ही लालभडक तापणाऱ्या दोन कांड्यांचा हीटर वापरत होतो. परंतु मागच्या आठवड्यात त्याचा प्लग काढताना बोटांना चटका बसला, आणि पाहिले तर पिना काळ्या पडून सॉकेटचे प्लास्टिक पिवळे झाले होते. तो हीटर त्याच दिवशी माळ्यावर गेला. (मुलाने त्याच्या जाळीत चमचा घालायचा प्रयत्न केला होता, तेव्हाच तो जायला हवा होता, हे मान्य आहे.)

आता तेल भरलेला रेडिएटर आणि पंख्याचा सिरॅमिक हीटर यांपैकी एक घ्यायचा आहे. दीड हजार वॉटचा हीटर कोणत्याही प्रकारचा असला तरी अखंड चालल्यास तासाला दीड युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो, एवढे मला समजते. त्यामुळे 'कमी विजेत दुप्पट ऊब' अशा जाहिरातींकडे मी लक्ष देत नाही. माझ्या शंका वेगळ्या आहेत. रात्री झोपेत चालू ठेवण्यास यांतील कोणता कमी धोक्याचा? पंख्याच्या हवेने धूळ उडून आईचा त्रास वाढेल का? आणि हीटर खोलीतला प्राणवायू संपवतो, असे शेजारी सांगतात, त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १

प्राणवायूची भीती कोळशाच्या शेगडीबाबत आणि गॅसच्या हीटरबाबत रास्त आहे. विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नसल्याने प्राणवायू खर्च होत नाही. हवा तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता मात्र घटते, म्हणून घसा व नाक कोरडे पडते. दम्याच्या रुग्णासाठी मी पंखा टाळून रेडिएटर घेईन. तो खोली तापवायला वेळ लावतो, पण बंद केल्यावरही तेल बराच वेळ ऊब देते, त्यामुळे झोपण्याआधी तासभर चालवून नंतर थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटर आपोआप बंद-चालू करणारी कळ) खाली आणता येतो किंवा सरळ बंद करता येतो. कलंडल्यास आपोआप बंद होण्याची आणि अतितापमानाला वीज तोडण्याची अशा दोन्ही सोयी असल्याची खात्री करा. थर्मोस्टॅट म्हणजे यांपैकी काहीच नव्हे. चौरस फुटाला दहा वॉट या ढोबळ हिशोबाने तुम्हाला बाराशे वॉट पुरतील.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु तुमची खरी अडचण हीटरपेक्षा सॉकेटमध्ये असावी, असे मला वाटते. पिना काळ्या पडणे हे बहुधा सैल जोडणीचे लक्षण असते, आणि त्याच सॉकेटमध्ये नवा हीटर लावला तर तोही तसाच तापेल. दीड हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टला सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपणारा नाही. १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला शोभेल अशी जाड तार आणि चालू स्थितीतील अर्थिंग हवे. एक्सटेन्शन बोर्ड अजिबात नको. पडदे व पांघरुणे तीन फूट दूर ठेवा, आणि रेडिएटरलाही हात लावल्यास लहान मुलाला भाजू शकते, हे विसरू नका.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आज वायरमनने सॉकेट उघडले, तर आतला स्क्रू सैल होता आणि तारेवरचे आवरण इंचभर करपले होते. सॉकेट व तार दोन्ही बदलून घेत आहे. रेडिएटर घेण्याचे ठरले आहे. मुलासाठी त्याच्याभोवती भिंतीला पक्का बसणारा लोखंडी कठडा कोणी लावला असल्यास तो कसा बसवला, ते कृपया कळवावे.