कोलंबस एसएल की एसएलएक्स?

हँडलबार५६: ८०च्या दशकातल्या दोन इटालियन सायकल फ्रेम समोर आहेत, कोलंबस कंपनीच्या स्टीलच्या नळ्यांच्या: एक एसएल, एक एसएलएक्स. माझं वजन ७२ किलो. चालवताना फरक कळतो का?

जुनं_लोखंड: खड्ड्यात नाही. एसएलच्या मुख्य नळ्यांची जाडी टोकांना ०.९, मध्ये ०.६ मिमी. एसएलएक्स जवळपास तीच, फक्त बॉटम ब्रॅकेटकडच्या (पॅडलचा आस बसतो तिथल्या) टोकांत आतून पाच पिळदार कंगोरे. उभं राहून जोर लावला की थोडी कडक लागते, बस. कोलंबसचीच जाड एसपी मात्र १.०/०.७, ती जाणवते.

चिमटा_सरळ: तुलना करताना टायर सारखेच ठेवा. २३ मिमी रुंद टायरमध्ये हवेचा दाब ११० पीएसआय आणि २५ मिमीत ८५, एवढ्यानंच एकच फ्रेम दोन वेगळ्या सायकली वाटते! मग लोक नळ्यांवर वाद घालतात.

ग्रीसवाला: घेण्याआधी सीटपोस्ट (सीटचा दांडा) हलतो का बघा, अडकलेला असेल तर भाव पाडा. इटालियन बॉटम ब्रॅकेटला (३६ मिमी व्यास, इंचाला २४ आटे) दोन्हीकडे उजवेच आटे, म्हणून चेनकडचा कप (बेअरिंगची आट्यांची वाटी) पॅडल मारता मारता सैल होतो. आटे पुसून निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, कप घट्ट कसा. ‘कट-कट’ बहुतेक तिथूनच येते, नाव मात्र फ्रेमचं खराब होतं.