सिरॅक्यूजने २-३ झोन सोडला ते बरं केलं का?

ऑरेंजवेडा:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. मी २०११ ते १३ अमेरिकेत सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत एमएस केलं, तोवर बास्केटबॉलचा गंधही नव्हता, पण पहिल्याच हिवाळ्यात रूममेट ओढून डोममध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये, घेऊन गेला आणि तेव्हापासून ही टीम आपली झाली ती झालीच. तर २०२३ ला आपले कोच जिम बेहाइम ४७ सीझननंतर थांबले, एड्रियन ऑट्री कोच झाले आणि टीम झोन (प्रत्येकाने ठरलेली जागा राखायची) सोडून मुख्यतः मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा) खेळायला लागली. तेव्हा बरेच जण म्हणाले सुटलो एकदाचे, झोन म्हणजे आळशी लोकांचा डिफेन्स, हात वर करून नुसतं उभं राहायचं. मला हे अजिबात पटत नाही. स्टुडंट सेक्शनमधून सगळं जवळून दिसायचं ना, वर दोन गार्ड, मागे दोन फॉरवर्ड, मध्ये सेंटर, बॉल एका बाजूने दुसरीकडे फेकला की पाचही जण एकदम सरकायचे, फॉरवर्ड आतून पळत कोपऱ्यात जाऊन शूटरच्या तोंडासमोर हात न्यायचा आणि पास परत फिरला की हा पण परत आत, एकेका पझेशनमध्ये, म्हणजे समोरच्यांच्या एकेका चढाईत, तीन-चार वेळा. याला आळस म्हणायचं?

२०१३ च्या एलिट एटमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेत शेवटच्या आठ टीम उरतात त्या फेरीत, मार्क्वेट युनिव्हर्सिटीला ३९ वर रोखलं, ५५-३९. त्यांचे ५३ पैकी १२ शॉट गेले फक्त. वेस्टकॉट भागातल्या आमच्या खोलीत सहा जण दाटीवाटीने बसून बघत होतो, कुकर उघडायचं कुणाला सुचलं नाही, भात आत तसाच गार झाला. मग एवढं हत्यार हातात असताना सोडायची गरज होती का?

नागपूरचा_गार्ड:
आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा झोनमध्ये वरच्या जागेवर खेळून बघावं राव. आम्ही कॉलेजला खेळायचो, सिमेंटचं कोर्ट, दुपारचं ऊन, दोन मिनिटांत पिंडऱ्या भरून यायच्या. कबड्डीतल्या साखळीसारखं आहे ते, एकाने हात सोडला की रेडर निघालाच.

पण माझ्या मते खरी गोष्ट उंचीची. तुम्ही सांगताय त्या टीमचे वरचे दोन गार्ड आठवा, कार्टर-विल्यम्स ६ फूट ६ इंच आणि ट्रिश ६ फूट ४, एवढ्या लांब हातांवरून पास टाकायचा म्हणजे बॉल उंच उडवावा लागतो, आणि बॉल हवेत जास्त वेळ राहिला की मागच्यांना सरकायला वेळ मिळतो. शिवाय एनबीएसारखा डिफेन्सिव्ह तीन सेकंदांचा नियम (कुणाला न धरता रिंगसमोरच्या चौकटीत, म्हणजे पेंटमध्ये, तीन सेकंदांवर थांबायचं नाही) कॉलेजमध्ये नाही, त्यामुळे सेंटर पेंटमध्ये पाय रोवून उभा राहू शकतो. सहा फुटी गार्ड घेऊन हाच झोन लावला तर चाळणी होते. म्हणजे दोष झोनचा नाही, त्यात बसणारी पोरं आणायची आणि तीन-चार वर्षं मुरू द्यायची, आता ट्रान्सफर पोर्टलमध्ये पोरं दरवर्षी टीम बदलतात, मुरणार कधी?

कोपऱ्यातला_शूटर:
थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. त्या मार्क्वेटनंतरचीच मॅच घ्या, फायनल फोर म्हणजे सेमीफायनल, मिशिगनकडून ६१-५६ हरलो. मिशिगनने त्यांच्या सेंटरला, मॅकगॅरीला, फ्री थ्रो लाइनच्या आसपास उभं केलं, तिथे बॉल मिळाला की आपल्या सेंटरने पुढे यायचं की मागे थांबायचं हेच कळेना, पुढे आला तर मागे रिंगखाली पास, थांबला तर कोपऱ्यात पास. मॅकगॅरीचे सेंटर असून ६ असिस्ट (ज्यावर बास्केट होतो असे पास), वर १२ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं)! रिबाउंडचं दुखणं तर कायमचंच, कारण झोनमध्ये कुणी कुणाला अडवायचं हे ठरलेलं नसतं.

आणि तीन पॉइंटच्या शॉटची रेषा बघा ना. २००८ ला २० फूट ९ इंचावर नेली आणि २०१९ पासून २२ फूट पावणेदोन इंच. राखायची जागा वाढली पण पोरं पाचच. मला झोन आवडतो, खूप आवडतो, पण सगळा वेळ तोच लावणं आता महाग पडतं. पाच-सात पझेशन अचानक लावा, समोरच्याची लय मोडा, परत मॅन-टू-मॅन.

जुना_प्रेक्षक:
मी १९८७ पासून बघतोय, तेव्हा अमेरिकेत येऊन वर्षही झालं नव्हतं. न्यू ऑर्लिन्सला इंडियानाच्या कीथ स्मार्टने शेवटच्या काही सेकंदांत शॉट मारला आणि एका पॉइंटने फायनल गेली, ७४-७३. पुढे २००३ ला फायनलमध्येच, न्यू ऑर्लिन्सच्या त्याच सुपरडोम स्टेडियममध्ये कॅन्सस समोर, आपण ८१-७८ पुढे, मायकेल ली बाहेर मोकळा, तीनचा शॉट हातातून सुटतोय आणि आपला हकीम वॉरिक आतून झेपावत आला आणि बॉल थेट प्रेक्षकांत. त्या टीमच्या स्टारचं, कार्मेलो अँथनीचं, नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं, पण मला तो एक हात दिसतो. रोज झोनमध्ये आतून बाहेर पळायची सवय असलेला पोरगाच तिथे वेळेत पोचतो असं माझं मत.

एक सांगतो, बेहाइमही आधी मॅन-टू-मॅन लावायचेच. २००९ ला सराव सामन्यात गावातल्याच ल मॉइन कॉलेजकडून ८२-७९ हरले, त्यात मॅन-टू-मॅन खेळत होते, आणि त्यानंतर झोनच घट्ट धरला.

ऑरेंजवेडा:
काका, ल मॉइनचं मला माहीतच नव्हतं! वॉरिकचा ब्लॉक तर आत्ता परत चार वेळा बघितला, तो सुरू करतो तिथून बघा, एक पाय पेंटमध्ये आहे त्याचा.

@कोपऱ्यातला_शूटर मॅकगॅरीचं मान्य, त्या रात्री ओरडून घसा बसला होता तरी मान्य. पाच-सात पझेशनचं पटतंय, पण मग सरावाला वेळ किती देणार? ती सरकायची लय रोज घोटल्याशिवाय येत नाही ना, अर्धवट झोन मार्क्वेटला ३९ वर नाही रोखू शकत. कुणी ऑट्रींच्या टीमच्या मॅच डोममध्ये जाऊन बघितल्या असतील तर सांगा, कोपऱ्यात पळत जाणारा फॉरवर्ड दिसला का कधी?